वन्यप्राण्यांच्या गमतींचा डबा: घ्या, पण लाल पेन जवळ ठेवा

मुलांसाठी वन्यप्राण्यांच्या गमतीजमती सांगणारा हा पत्त्यांचा डबा घ्यावा का? घ्यावा. मुलांच्या हाती तसाच सोपवून आपण मोकळं व्हावं का? तेवढं मात्र करू नये. ६० पत्त्यांपैकी बरेचसे उत्तम आहेत, काही नुसतेच चटकदार, आणि थोडे चक्क चुकीचे.

मी पेशाने मुद्रितशोधक. छापलेलं काहीही हातात आलं की मला आधी चूक दिसते, मजकूर मागाहून. तेव्हा हे परीक्षण थोडं खवचट होणार. भाची सात वर्षांची, भाचा दहाचा. डबा त्यांच्यासाठी आणला आणि बहुतेक वेळ तो माझ्याच मांडीवर असतो.

पत्ता तळहाताएवढा. पुढे चित्र आणि एक प्रश्न, मागे पाच-सहा ओळींचं उत्तर. तळाशी एक पट्टी आहे, तीत त्या प्राण्याशेजारी एका मुलाची काळी आकृती छापलेली. ही पट्टी ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला माझा नमस्कार. ‘साडेपाच मीटर उंच’ एवढं वाचून पोरांच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. जिराफाच्या पोटाखालून न वाकता चाललेली आकृती पाहिली की बरोबर राहतं.

माहिती चांगली की नुसती चटकदार, हे ओळखायची माझी एक साधी खूण आहे. वाचल्यावर मूल ‘बापरे’ म्हणून पुढचा पत्ता उचलतं, ती चटकदार. ‘मग…’ म्हणून तिथेच अडून बसतं, ती चांगली. जिराफाचा पत्ता दुसऱ्या जातीचा. प्रश्न असा: जिराफाच्या मानेत किती हाडं? भाच्याने पन्नास सांगितली, भाचीने शंभर. मागे उत्तर होतं सात. माणसाच्या मानेतही सातच. जिराफाचा एकेक मणका पंचवीस सेंटीमीटरच्या आसपास भरतो, एवढाच फरक. भाची लगेच स्वतःच्या मानेवरून बोटं फिरवत मणके मोजायला लागली. (बाहेरून नीट मोजता येत नाहीत. खालचा सातवा तेवढा टोकदार असल्याने हाताला लागतो.) मोजता मोजता म्हणाली, “ए मामा, मग पाणी प्यायला वाकल्यावर सगळं रक्त त्याच्या डोक्यात नाही का जात?”

याचं उत्तर पत्त्यावर तयार होतं, याचं मला खरंच कौतुक वाटलं. दोन मीटर वर असलेल्या मेंदूपर्यंत रक्त चढवायचं म्हणून जिराफाचा रक्तदाब आपल्या जवळजवळ दुप्पट असतो. मान खाली गेली की मानेतल्या शिरांमधल्या झडपा रक्त उलटं येऊ देत नाहीत, आणि मेंदूच्या तळाशी असलेलं रक्तवाहिन्यांचं जाळं येणारा जोर सौम्य करतं. लिहिणाऱ्याला मूल पुढे काय विचारेल हे आधीच ठाऊक होतं. असे पत्ते डब्यात वीसेक तरी निघतील, आणि पैसे वसूल होतात ते त्यांच्यावर.

त्याच पत्त्यावर माझं पेन मात्र एका शब्दापाशी थांबलं. ‘सर्व सस्तन प्राण्यांच्या मानेत सात मणके असतात.’ इथे ‘जवळजवळ सर्व’ हवं. तीन बोटांच्या स्लॉथला आठ किंवा नऊ असतात आणि मॅनाटी या पाण्यात राहणाऱ्या संथ प्राण्याला सहाच. उंच जिराफाला सात आणि झाडाला उलटा लोंबकळणाऱ्या आळशाला नऊ, ही तर मूळ माहितीहून मोठी गंमत. एक शब्द गाळला आणि ती हातची घालवली!

आता सरळसरळ चुका. पांढऱ्या ध्रुवीय अस्वलाचे केस खरं म्हणजे पारदर्शक असतात आणि आत कातडी काळी असते, इथपर्यंत ठीक. पुढे छापलंय की हे केस सूर्यप्रकाश नळीतून नेल्यासारखा कातडीपर्यंत पोहोचवतात. ही कल्पना सुंदर आहे, म्हणूनच ती पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिली. प्रयोगशाळेत केस घेऊन मोजलं तेव्हा ती टिकली नाही. प्रकाश केसातून फार लांब जात नाही, वाटेतच शोषला जातो. अस्वल पांढरं का दिसतं, तर असंख्य केसांवर प्रकाश विखुरतो म्हणून. एवढं लिहिलं असतं तरी पुरे होतं.

ऑक्टोपसच्या पत्त्यावर ‘तीन हृदयं, नऊ मेंदू, निळं रक्त’ असं ठळक अक्षरांत आहे. हृदयं तीन, हे बरोबर. रक्त निळं, हेही बरोबर. त्यात आपल्यासारखं लोहाचं नाही, तांब्याचं द्रव्य असतं. मेंदू मात्र एकच. त्याच्या चेतापेशींपैकी सुमारे दोनतृतीयांश आठ हातांमध्ये पसरलेल्या असतात, त्यामुळे प्रत्येक हात बराचसा कारभार स्वतःच उरकतो. यावरून कुणीतरी आठ अधिक एक नऊ अशी बेरीज केली. भाच्याला हे समजावल्यावर तो म्हणाला, “म्हणजे हाताला विचारायचं, मेंदूला नंतर कळवायचं?” पत्त्यावर हे वाक्य छापलं असतं तर मी पेन बंद करून ठेवलं असतं.

निळ्या देवमाशाच्या रक्तवाहिनीतून लहान मूल पोहत जाईल, असंही एका ठिकाणी आहे. नाही जाणार. २०१४ मध्ये कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर मेलेल्या अवस्थेत सापडलेल्या एका निळ्या देवमाशाचं हृदय टोरांटोच्या रॉयल ऑन्टॅरिओ संग्रहालयाने जपून ठेवलंय. त्याचं वजन सुमारे १८० किलो. सर्वांत मोठ्या धमनीत लहान मुलाचं डोकं कसंबसं मावेल, अख्खं पोर नाही. शिवाय याहून भारी माहिती त्याच पत्त्याच्या तळाशी बारीक टायपात दडवलीय: खोल बुडी मारल्यावर या प्राण्याचं हृदय मिनिटाला दोनदा इतकं सावकाश पडू शकतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शास्त्रज्ञांनी देवमाशाच्या अंगावर चिकटणारं यंत्र लावून ते मोजलं. आमच्याकडे घड्याळ पुढे ठेवून ‘धप्प’ म्हणायचं, मग अर्धा मिनिट गप्प बसायचं आणि पुन्हा ‘धप्प’, असा खेळ सुरू झाला. भाची अर्धा मिनिट गप्प राहिली, हेही नोंदवून ठेवण्यासारखंच.

सगळ्यांत यशस्वी म्हणाल तर ‘खरं की थाप?’ असं लिहिलेले पिवळ्या काठाचे पत्ते. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी अंगठा वर किंवा खाली करायचा. शहामृग घाबरलं की वाळूत डोकं खुपसतं? थाप. ते जमिनीतल्या खळग्यात अंडी घालतं आणि चोचीने ती उलटीपालटी करतं. लांबून पाहणाऱ्याला डोकं गडप झालेलं दिसतं. उंटाच्या मदारीत पाणी असतं? थाप, चरबी असते. वटवाघळं आंधळी असतात? थाप. शॅमेलिऑन हा सरडा मागच्या रंगाशी जुळवून घ्यायला रंग बदलतो? इथे माझी बहीणही अंगठा वर करून बसली. त्याचे मोठे बदल बरेचदा दुसऱ्या शॅमेलिऑनला काहीतरी सांगण्यासाठी किंवा ऊन-थंडी सांभाळण्यासाठी असतात. कातडीतल्या पेशींमध्ये सूक्ष्म स्फटिकांची जाळी असते, त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त झालं की परत फिरणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. २०१५ मध्ये हे उलगडलं. स्फटिकांची गोष्ट सात वर्षांच्या मुलीच्या डोक्यावरून गेली, दहा वर्षांच्या मुलाच्या नाही.

तरसाचा पत्ताही असाच समजूत उलटी करणारा. ठिपकेवाला तरस बहुतेक अन्न स्वतः शिकार करून मिळवतो, आणि त्याची शिकार हिसकावून खाणाऱ्यांत सिंह असतो. चित्रपटांनी ज्याला कायमचा खलनायक केला त्याची बाजू कुणीतरी मांडली, हे बरं झालं. त्यांच्या कळपात माद्यांचा वरचष्मा असतो हे वाचून भाची दिवसभर तरस झाली होती, त्याची जबाबदारी प्रकाशकांवर.

लाडका पत्ता मात्र वॉम्बॅटचा, याबद्दल घरात दुमत नाही. ऑस्ट्रेलियातला हा गुबगुबीत प्राणी फाशासारखी घनाकार शी करतो. पत्त्यावर एवढंच आहे, शिवाय दगडावर-ओंडक्यावर ठेवलेली ती घरंगळत नाही असं एक वाक्य. पण पोरं हसून झाल्यावर विचारतात ते ‘कशी?’ आणि नेमकं तेच तिथे नाही. तर: त्याच्या आतड्याच्या शेवटच्या भागाची भिंत सगळीकडे सारखी ताणली जात नाही. काही पट्टे ताठर, काही सैल. मळ तिथे हळूहळू सुकत जातो आणि त्या असमान आकुंचनामुळे त्याला कोपरे येतात. हे शोधणाऱ्यांना २०१९ चं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. ज्या पत्त्यावर सगळ्यांत जास्त जागा द्यायला हवी होती, तिथे अर्धी बाजू कोरी सोडलीय.

चित्रांबद्दल एकच तक्रार आहे, पण ती मोठी. चित्त्याच्या पत्त्यावर बिबट्या छापलाय. चित्त्याचे ठिपके भरीव असतात आणि डोळ्यापासून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत अश्रू ओघळल्यासारखी काळी रेघ असते. बिबट्याच्या अंगावर पाकळ्यांसारख्या पोकळ खुणा असतात, रेघ नसते. वर मजकुरात ‘चित्त्याची डरकाळी’! चित्ता डरकाळी फोडूच शकत नाही. तो पाखरासारखा चिवचिवतो आणि मांजरासारखा गुरगुरतो. जमिनीवरचा सर्वांत वेगवान प्राणी चिवचिवतो, याहून मजेदार काय छापायचं होतं?

निवडीत मोठ्या जनावरांना झुकतं माप आहे. हत्ती, वाघ, सिंह, गेंडा, पाणघोडा, सगळे हजर. किडे सहाच, पक्षीही थोडे. त्या थोड्यांत पट्टेरी शेपटीच्या गॉडविटचा पत्ता मात्र मी कुणाला देत नाही. २०२२ मध्ये अंगावर उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारं छोटं यंत्र लावलेलं या जातीचं जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर उडालं. अकरा दिवस, कुठेही न उतरता. निघण्यापूर्वी या पक्ष्यांची पचनाची इंद्रियं आक्रसतात, म्हणजे तेवढंच ओझं कमी आणि चरबीला जागा जास्त. भाच्याने विचारलं की वाटेत झोप कशी घेतो. हे पत्त्यावर नाही.

झेब्राच्या पट्ट्यांबद्दल ‘सिंहाला चकवण्यासाठी’ असं जुनंच कारण दिलंय. चावऱ्या माश्यांना पट्ट्यांवर नीट उतरता येत नाही, हे घोड्यांना पट्टेरी झूल घालून केलेल्या २०१९ मधल्या प्रयोगात दिसलं होतं. घोड्याला झेब्राचे कपडे घातले, हे एवढं सांगितलं तरी मुलं दहा मिनिटं हसतात.

बांधणीबद्दल थोडक्यात. पुठ्ठा जाड आहे, कडा गोल आहेत, पाणी सांडलं तर पुसून घेता येतं. चकचकीत लेपामुळे दिव्याखाली अक्षरं चमकतात, तेव्हा तिरपं धरून वाचावं लागतं. काही जोडाक्षरं फुटलेली आहेत; वाचायला नुकती शिकलेली मुलं तिथे अडखळतात. अनुक्रमणिका नाही, आणि ‘तो गेंड्याचा पत्ता शोध’ म्हटलं की सगळा डबा जमिनीवर ओतला जातो. वय डब्यावर पाच ते बारा लिहिलंय. पाच वर्षांच्या मुलाला चित्रं आणि काळी आकृती पुरेल, वाचून दाखवायला मोठं माणूस लागेल. अकरा-बारा वर्षांच्याला हे पत्ते लवकर संपतात, त्याला पुस्तकच द्या.

सापडलेल्या चुकांची यादी मी प्रकाशकांना पाठवली. चित्त्याचं चित्र पुढच्या आवृत्तीत बदलू, असं उत्तर आलं. नऊ मेंदूंबद्दल त्यात अवाक्षर नाही.