बॉल पायथनला (घरी पाळला जाणारा एक लहान अजगर) खायला जिवंत उंदीर द्यावा की गोठवलेला?
माझं मत आधीच सांगते: गोठवलेला. जिवंत उंदीर सोडला की अजगर चटकन झडप घालतो, हे खरं. पण त्याला भूक नसेल तर तोच उंदीर त्याला कुरतडतो. पाठीवरचे खवले उचकटून आतलं लाल मांस दिसणारी जखम मी पाहिली आहे.

गोठवलेल्याला मेहनत लागते. वितळायला रात्रभर फ्रिजमध्ये, मग पिशवीत घालून गरम पाण्यात. मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही. ओठांवरच्या खाचांनी हा साप उष्णता ओळखतो, म्हणून उंदराचं डोकं साधारण ३८ अंश हवं. लांब चिमट्यात धरून हलकेच हलवा. नाही घेतला तर आठवड्याने पुन्हा. वजन टिकून असेल तर धडधाकट बॉल पायथन हिवाळ्यात महिनोन्महिने उपाशी राहू शकतो. तेवढ्यासाठी जिवंत उंदीर आणायला धावू नका.