पादचारी रस्त्यासाठी ८० मिमी पेव्हर ब्लॉक: गुण, उणिवा आणि बसवण्यातल्या चुका

फक्त चालणाऱ्यांसाठी राखलेल्या रस्त्यावर कोणती फरसबंदी करावी, याला आमचं उत्तर ८० मिमी जाडीचे सिमेंटचे इंटरलॉकिंग (एकमेकांत अडकून बसणारे) ब्लॉक हेच आहे. नुसत्या चालण्याला ६० मिमीचेही पुरतात, पण असा रस्ता नुसता चालण्याचा कधीच नसतो. मालाचा टेम्पो येतो, कचऱ्याची गाडी येते, आगीचा बंब कधीही येऊ शकतो.

मोठा गुण म्हणजे ब्लॉक उचलता येतात. पाइप फुटला तर ते काढायचे, दुरुस्ती करायची, तेच परत बसवायचे. डांबरावर आणि काँक्रीटवर ठिगळ राहतं. पॉलिश केलेला ग्रॅनाइट देखणा असतो, पण ओला झाला की पाय घसरतो. इथे तो नकोच.

ब्लॉक खचले की दोष बहुतेक वेळा खालच्या थरांत असतो. खडीचा पाया १५० ते २०० मिमी, थराथराने दाबलेला हवा. माती भुसभुशीत असेल तर जास्त. पाण्याचा उतार पायालाच द्यावा, मीटरला २० मिमी. त्यावर वाळू ३० मिमी, सगळीकडे सारखी. पायातले खड्डे वाळूने भरले तर वाळू जिथे जाड तिथेच दबते आणि नेमकं तिथे डबकं साचतं. वाळूऐवजी दगडाची भुकटी वापरली तर बारीक कण पाणी धरून ठेवतात आणि चाकाच्या दाबाने चिखल सांध्यांतून वर येतो.

मांडणी हेरिंगबोनच घ्या, म्हणजे ब्लॉक एकमेकांना काटकोनात, माशाच्या काट्यासारखे. वळणारं चाक ब्लॉकला आडवं ढकलतं. सरळ मांडणीत अख्खी ओळ सरकते. कडेचे कर्ब (काठाचे उभे ठोकळे) आधी बसवावेत आणि त्यांच्या पाठीला काँक्रीटचा आधार द्यावा. सांधे २ ते ४ मिमी, त्यांत कोरडी बारीक वाळू. ओली वाळू तोंडाशीच अडकते, आत पोकळी राहते. प्लेट कॉम्पॅक्टर (हादरे देऊन दाबणारं यंत्र) फिरवल्यावर वाळू खाली बसते, म्हणून पुन्हा भरावी लागते.

खरी उणीव कडांच्या उतरणीची, म्हणजे ब्लॉकच्या वरच्या कडा तिरप्या छाटलेल्या असतात त्याची. ६ मिमी उतरण दोन्ही बाजूंनी आणि मधे ३ मिमी सांधा, म्हणजे प्रत्येक जोडावर १५ मिमीची चर. व्हीलचेअरचं पुढचं लहान चाक त्यावर सतत खडखडतं आणि पाठीचं दुखणं असलेल्या माणसाला ते असह्य होतं. अंधांसाठीच्या उठावदार टाइल्सचाही उपयोग कमी होतो. सेइइची मियाके यांनी १९६५ साली शोधलेल्या या टाइल्स पांढऱ्या काठीला आणि पायाला जाणवाव्यात तर आजूबाजूची जमीन सपाट लागते. म्हणून उतरण २ मिमीपर्यंतची किंवा बिनउतरणीचे ब्लॉक मागा. टाइल्सच्या दोन्ही बाजूंना सपाट फरशीची पट्टी ठेवा.

चेंबरच्या झाकणाभोवती कापलेला तुकडा ब्लॉकच्या एक तृतीयांशाहून लहान नको, तो निखळतो. ब्लॉकचे रंग उन्हाने उतरतात, नंतर आणलेला नवा माल जुळत नाही. त्याच खेपेतले थोडे जादा ब्लॉक घेऊन ते उघड्यावरच रचून ठेवा, म्हणजे त्यांचा रंगही रस्त्याबरोबरच उतरेल.