गायक तर्र, तिकीट पूर्ण: तीन फसलेल्या कॉन्सर्ट्सचं परीक्षण

कॉन्सर्टचं परीक्षण म्हटलं की कोणती गाणी झाली, आवाज कसा लागला, यावर लिहायची रीत आहे. इथे मोजमाप वेगळं आहे. तिकीट ही खरेदी आणि कार्यक्रम ही सेवा. मुख्य कलाकार दारूने किंवा गोळ्यांनी निकामी झाल्यावर ती सेवा प्रेक्षकांपर्यंत कितपत पोचली आणि स्टेजवरच्या-स्टेजमागच्या शुद्धीतल्या माणसांनी काय केलं, एवढंच बघायचं. कलाकार प्यायला होता की नाही यापेक्षा या दुसऱ्या प्रश्नावर रात्र तरते किंवा बुडते.

सगळ्यात वाईट रात्रीपासून सुरुवात करू. सर्बियातलं बेलग्रेड, १८ जून २०११. कालेमेग्दान किल्ल्याच्या उद्यानात इंग्लिश गायिका एमी वाइनहाउसच्या युरोप दौऱ्यातला पहिला कार्यक्रम, समोर सुमारे २०,००० माणसं. तिकीट साधारण ४० युरो. सर्बियात तेव्हा महिन्याचा सरासरी पगार ३०० युरोंच्या आसपास होता, म्हणजे तिकिटापायी तीन-चार दिवसांची कमाई गेली. महोत्सव एका बिअर कंपनीच्या नावाने भरलेला, हेही जाता जाता नोंदवायला हरकत नाही.

प्रेक्षकांनी मोबाइलवर टिपलेली चित्रणं आजही बघायला मिळतात. त्यात पहिली गोष्ट जाणवते ती ही, की बँड चोख आहे. ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, वेळेवर उठतो, ड्रम्स आणि बेस एकमेकांना धरून आहेत. गायिका मात्र मुखड्याची पहिली ओळ सोडून देते, दुसरीच्या मध्येच एखादा शब्द टाकते आणि माइक खाली नेते. स्वतःलाच मिठी मारल्यासारखी उभी राहते, वादकांना जाऊन बिलगते. आपण कुठल्या शहरात आहोत हे तिला आठवत नव्हतं आणि वादकांची नावंही जमत नव्हती, असं तेव्हाच्या बातम्यांत आहे. बँड तेवढ्या वेळात तेच चार बार, म्हणजे तालाची तीच चार आवर्तनं, पुन्हापुन्हा फिरवत राहतो. गायकाला परत गाण्यात शिरता यावं म्हणून ठेवलेली ही वाट असते आणि एरवी ती एखाद-दोन फेऱ्यांत संपते. इथे ती संपता संपत नाही. शेवटी साथीचा गायक झेलॉन थॉम्पसन पुढे होऊन गातो, आणि गर्दी हुर्यो उडवते ती त्याच्यावर नव्हे, एकूण प्रकारावर.

तांत्रिक बाजूही समजून घेण्यासारखी आहे. हातातला माइक तोंडापासून दोन-तीन सेंटिमीटरवर राहील असं धरून साऊंड इंजिनिअर लेव्हल लावतो. अंतर दुप्पट झालं की पातळी साधारण ६ डेसिबलने घसरते. हात कमरेपर्यंत लोंबला की त्या माइकमध्ये गळ्यापेक्षा मागच्या झांजा आणि ट्रम्पेटच जास्त शिरतात. अशा वेळी फेडर, म्हणजे त्या माइकचा आवाज वाढवणारी पट्टी, वर ढकलावा तर स्टेजवरचा मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, शिट्टी मारू लागतो, आणि न ढकलावा तर गायिका ऐकूच येत नाही. त्यामुळे ‘साऊंडच वाईट होता’ असं घरी येऊन सांगणारे खोटं बोलत नसतात. फक्त दोष मिक्सिंग डेस्कवरच्या साऊंड इंजिनिअरचा नसतो.

सेवा म्हणून गुण: बँडला १० पैकी ९, आयोजनाला १. तो एक गुणसुद्धा ध्वनिव्यवस्थेसाठी. पहिल्या दोन गाण्यांतच चित्र स्पष्ट झालं होतं. तिथेच थांबवून ‘गायिकेची तब्येत ठीक नाही’ एवढं जाहीर केलं असतं तर वीस हजार लोकांचा संताप आणि एका आजारी बाईची शोभा, दोन्ही टळलं असतं. तसं कुणी केलं नाही. सर्बियाच्या संरक्षणमंत्र्यांनी या कार्यक्रमाला लाजिरवाणा म्हटलं. आधी इस्तंबूल आणि अथेन्स रद्द झालं, मग सगळा दौराच. २३ जुलैला लंडनच्या कॅम्डनमधल्या घरात तिचा मृत्यू झाला. रक्तात दर १०० मिलिलिटरमागे ४१६ मिलिग्रॅम अल्कोहोल सापडलं. इंग्लंडात गाडी चालवायची मर्यादा ८० आहे. बेलग्रेडची चित्रणं करमणूक म्हणून फिरवणाऱ्यांनी हा आकडा शेजारी ठेवून ती बघावीत.

समोरचा कलाकार खरंच झिंगलाय की दुसरंच काही बिघडलंय, हे ओळखायला फार वेळ लागत नाही. साऊंड खराब असेल तर सगळ्यांचेच शब्द सारखे अस्पष्ट येतात, साथीच्या गायकांचेही. मिक्सिंग डेस्कजवळ जाऊन उभं राहिलं की बहुतेकदा फरक पडतो, कारण सगळा हिशेब त्या जागेवरून ऐकून केलेला असतो. मॉनिटर बिघडला असेल तर गायक बेसूर होतो, पण शब्द आणि गाण्यात शिरण्याच्या जागा बरोबर असतात, आणि तो सारखा कानाकडे किंवा जमिनीवरच्या स्पीकरकडे बोट करून बाजूला खुणा करतो. घसा बसला असेल तर वरचे सूर टाळतो, तान खाली वळवतो, प्रेक्षकांकडून गाऊन घेतो, मात्र ओळी चुकत नाहीत.

दारूचा क्रम उलटा असतो. आधी जागा चुकतात, मग जोडाक्षरं आणि शब्दांची टोकं विरघळतात, मग पुढची ओळ आठवत नाही. सूर बराच वेळ टिकतो, कारण वर्षानुवर्षं घोटलेली चाल गळ्यात बसलेली असते. हालचाल आणि वेळेचा अंदाज सांभाळणाऱ्या लहान मेंदूवर दारूचा परिणाम लवकर होतो, म्हणून ‘सुरात आहे पण तालात नाही’ अशी विचित्र अवस्था ऐकू येते. आणखी एक हमखास खूण म्हणजे दोन गाण्यांमधलं बोलणं. ते गाण्यागणिक लांबत जातं आणि त्याला शेवट नसतो.

गायक चुकला तर बँड त्याला सांभाळून घेऊ शकतो. ड्रमर कोसळला तर सांभाळणारं कुणी उरत नाही. म्हणूनच २० नोव्हेंबर १९७३ ची रात्र अभ्यासण्याजोगी आहे. सॅन फ्रान्सिस्कोला लागूनच काउ पॅलेस नावाचं सभागृह, ‘द हू’ या इंग्लिश बँडच्या अमेरिका दौऱ्याचा पहिला दिवस, ड्रम्सवर कीथ मून. त्याने प्राण्यांना गुंगी आणायच्या गोळ्या ब्रँडीबरोबर घेतल्या होत्या असं सांगितलं जातं. नवीन अल्बममधल्या गाण्यांना आधी ध्वनिमुद्रित केलेल्या टेपची जोड होती. टेप कुणासाठी थांबत नाही, ड्रमरनेच हेडफोन लावून तिच्याशी जुळवून घ्यायचं. म्हणजे ज्याने सगळ्यात शुद्धीत असायला हवं, तोच गुंगीत. कार्यक्रमाच्या शेवटाकडे तो ड्रम्सवरच आडवा झाला. त्याला उचलून आत नेलं, भानावर आणलं, पुन्हा बसवलं, आणि तो पुन्हा कोसळला.

मग गिटारवादक पीट टाउनशेंडने माइकवरून विचारलं की कुणाला ड्रम्स वाजवता येतात का, आणि चांगले वाजवता यायला हवेत हेही बजावलं. १९ वर्षांचा स्कॉट हॅल्पिन नावाचा प्रेक्षक, ज्याने वर्षभर ड्रम्सला हात लावला नव्हता, मित्राच्या रेट्यामुळे स्टेजवर पोचला. हा किस्सा सगळे सांगतात. त्यानंतर काय वाजवलं, इकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही, आणि खरं कसब तिथेच आहे. बँडने आधी दोन जुने ब्लूज घेतले. दोन्ही जवळजवळ एकाच कॉर्डवर फिरणाऱ्या रिफवर, म्हणजे परतपरत येणाऱ्या छोट्या सुरावटीवर, बांधलेले, मध्ये थांबे नाहीत, लयीत बदल नाही. मध्यम ड्रमरही सरळ ठेका धरून त्यात तग धरू शकतो. स्वतःच्या गाण्यांपैकी ज्यांत ड्रम्सच्या ठरलेल्या जागा भरायच्या होत्या, ती त्यांनी बाजूला ठेवली. तिसरं गाणं बँडचं स्वतःचं होतं, लय आणि जोर दोन्ही बदलत जाणारं, आणि त्यात हॅल्पिन चाचपडतो. पण तोवर सभागृह त्याच्या बाजूने झालं होतं. त्याला दौऱ्याचं जॅकेट भेट मिळालं, ते त्याच रात्री चोरीला गेलं.

गुण: मूनला शून्य, बाकीच्या तिघांना १० पैकी ८. दोन कापले ते शुद्ध हरपलेल्या माणसाला दुसऱ्यांदा ड्रम्सवर बसवल्याबद्दल. तो मागे पडला असता तर डोकं फुटलं असतं. तरीही कार्यक्रम पूर्ण झाला आणि लोक खूश होऊन घरी गेले. याच जातीचा आधीचा नमुना म्हणजे सप्टेंबर १९६८ मधलं ॲम्स्टरडॅम. ‘द डोअर्स’ या अमेरिकन बँडचा गायक जिम मॉरिसन स्वतःची वेळ येण्याआधीच कोसळून इस्पितळात गेला आणि कीबोर्डवादक रे मॅन्झारेकने त्याची गाणी गाऊन कार्यक्रम तडीस नेला. बदली माणूस तयार ठेवणं ही शहाण्या बँडची सवय असते. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात ‘व्हॉइस ऑफ’ म्हणून एका गायकाची गाणी गाणारे दोघं का असतात, तेही यावरून कळावं.

तिसरी रात्र ग्राहकाच्या दृष्टीने सगळ्यात बोलकी. २९ डिसेंबर २००२, शिकागोजवळच्या रोझमॉन्टमधलं ऑलस्टेट अरीना, अमेरिकन रॉक बँड ‘क्रीड’, गायक स्कॉट स्टॅप. प्रेक्षकांपैकी चौघांनी पुढे दावा लावला. त्यांचं म्हणणं असं: गायक इतका नशेत किंवा औषधांच्या अमलात होता की एकही गाणं त्याला धड म्हणता आलं नाही, तो वारंवार स्टेज सोडून बराच वेळ गायब झाला आणि एकदा जमिनीवर गडबडा लोळला. बँडने चाहत्यांची लेखी माफी मागितली, पण तिचा सूर असा की एक आगळावेगळा कार्यक्रम पाहायला मिळाला यात समाधान मानावं. सेवा देणाऱ्याने लिहिलेल्या माफीपत्रांत हा नमुना खालून पहिला यावा. दावेदारांनी तिकिटाबरोबर पार्किंगचे पैसेही मागितले होते. दावा टिकला नाही. बँड २००४ मध्ये फुटला, नंतर पुन्हा एकत्र आला.

दावा का टिकत नाही, हे तिकिटाच्या मागच्या बारीक अक्षरांत असतं. तिथे कार्यक्रम होईल एवढंच कबूल केलेलं असतं. तो चांगला होईल असं कुणीही लिहून देत नाही. कार्यक्रम रद्द झाला तर परतावा, झाला तर नाही. पैशाचं बाकीचं गणितही याच दिशेला ढकलतं. कलाकाराच्या मानधनाचा मोठा हिस्सा आगाऊ गेलेला असतो आणि उरलेलाही सहसा स्टेजवर जाण्याआधी चुकता होतो. कलाकार न आल्यास भरपाई देणारा विमा आजारपण, अपघात यांना लागू होतो. दारू किंवा नशेमुळे कार्यक्रम पडला तर सहसा नाही. आयोजकाने झिंगलेल्या गायकाला आतच थांबवलं तर सगळा परतावा त्याच्या खिशातून. कसंबसं स्टेजवर उभं केलं तर कागदोपत्री कार्यक्रम झाला. दहापैकी नऊ वेळा काय होणार, हे सांगायला नको.

यात एक पोटजात वेगळी काढावी लागते. मिनिॲपोलिसचा ‘द रिप्लेसमेंट्स’ हा बँड ऐंशीच्या दशकात नशेत अर्धवट सोडलेल्या गाण्यांसाठीच ओळखला जाई, आणि तशाच एका रात्रीची कॅसेट १९८५ मध्ये विक्रीलाही आली. तिथे जाणाऱ्याला माल ठाऊक होता, तक्रारीला जागा नाही. ‘द पोग्ज’ या लंडनच्या बँडने मात्र १९९१ मध्ये जपानच्या दौऱ्यातच गायक शेन मॅकगोवनला काढलं, कारण बँडच्याच सहनशक्तीचा अंत झाला होता.

आता मुंबई-पुण्यात तिकीट काढणाऱ्यासाठी. आपल्याकडे उघड्यावरच्या कार्यक्रमाला रात्री १० ची मर्यादा असते. सरकारने सवलत दिलेल्या मोजक्या दिवशीच ती १२ पर्यंत जाते. त्यामुळे कलाकार तासभर उशिरा आला की तो तास पुढे वाढवून मिळत नाही, गाणीच कापली जातात. तिकिटावर किंवा जाहिरातीत कार्यक्रमाची लांबी किंवा मुख्य कलाकाराची वेळ छापली असेल तर तो स्क्रीनशॉट जपून ठेवावा. ‘वाईट गायला’ हे सिद्ध करता येत नाही. ‘९० मिनिटं जाहीर केली, ३५ मिनिटं दिली’ हे करता येतं. चित्रण करायचं तर आवडत्या गाण्याचं नको. कलाकार स्टेजवर येण्याचा आणि स्टेज सोडण्याचा क्षण टिपावा, वेळेसकट.

आधी तिकीट विकणाऱ्या ॲपकडे लेखी तक्रार, त्यात आयोजकाचं नाव आलंच पाहिजे, कारण ॲप ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ म्हणून हात वर करतं. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: घटनेपासून दोन वर्षांची मुदत, मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावायची सक्ती नाही. पूर्ण रकमेवर अडून बसण्यापेक्षा न मिळालेल्या वेळेच्या प्रमाणात परतावा मागितला तर तडजोड लवकर होते. आणि अर्जाला पार्किंगची पावतीही जोडावी. मागायला काही जात नाही.