कीर्तन स्वयंपाकाच्या शेडपर्यंत: व्हीएलसीच्या स्ट्रीमिंगचा सात दिवसांचा अनुभव

रावेर तालुक्यातील आमच्या गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो, तेव्हा मंदिरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वरण-बट्टीचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या बायकांच्या वाट्याला कीर्तन येते ते फक्त भोंग्यातून. बुवा त्यांना दिसावेत, म्हणून यंदा मंडपात एक आयपी कॅमेरा (नेटवर्कवरून चित्र पाठवणारा) बसवला, शेडमध्ये टीव्हीला जोडून एक जुना लॅपटॉप ठेवला आणि मधली सगळी भिस्त व्हीएलसी या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर टाकली.

व्हीएलसीला आपण सिनेमे लावणारा प्लेअर म्हणून ओळखतो. वास्तविक पॅरिसच्या एकोल सॉन्त्राल या संस्थेतील विद्यार्थ्यांनी १९९६ साली हा प्रकल्प हाती घेतला, तो संस्थेच्या आवारातील नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवण्यासाठीच. ‘व्हिडिओलॅन क्लायंट’ हे त्या तीन अक्षरांचे मूळ आहे. २००१ पासून तो जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुला आहे. त्यात जाहिरात नाही आणि पैसेही लागत नाहीत.

स्ट्रीम, म्हणजे नेटवर्कवरून सतत येणारे चित्र-आवाज, वाचण्याच्या कामात त्याला तोड नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘ओपन नेटवर्क स्ट्रीम’च्या चौकटीत कॅमेऱ्याचा आरटीएसपी पत्ता (त्याच्या थेट चित्राचा नेटवर्कवरील पत्ता) टाकला की चित्र सुरू होते. पहिल्या दिवशी मात्र बुवांनी हात उंचावून टाळ वाजवला की हाताच्या जागी करड्या चौकटींचा फराटा उमटत असे. याचे कारण असे की, चित्राचे तुकडे यूडीपीने, म्हणजे पोहोचल्याची खातरजमा न करणाऱ्या पद्धतीने, येत होते, शेडमधील वायफाय कमकुवत असल्याने त्यातील काही वाटेत गळत होते आणि एच.२६४ या चित्र आटोपशीर करण्याच्या पद्धतीत बहुतेक फ्रेम आधीच्या फ्रेमवर अवलंबून असल्याने एक तुकडा हरवला की पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत बिघाड पसरत जातो. प्रेफरन्सेसमध्ये ‘आरटीपी ओव्हर आरटीएसपी (टीसीपी)’ निवडल्यावर हरवलेले तुकडे पुन्हा मागवले जाऊ लागले आणि फराटे थांबले. दुसऱ्या दिवशी आम्ही वायफायचा नाद सोडून सरळ केबल ओढली. शंभर मीटरच्या आत अंतर असेल तर हाच मार्ग धरावा.

कॅशिंगचा, म्हणजे चित्र दाखवण्याआधी थोडे साठवून ठेवण्याचा, प्रश्न अधिक नाजूक निघाला. व्हीएलसी मुळात १००० मिलिसेकंदांचा साठा करून मग चित्र दाखवते, त्यामुळे ‘विठ्ठल विठ्ठल’चा गजर भोंग्यातून आधी ऐकू येई आणि बुवांचे ओठ नंतर हलत. साठा ३०० पर्यंत खाली आणला तर चित्र अडखळू लागले. शेवटी तो पूर्ववत ठेवला, शेडकडचा भोंगा बंद केला आणि आवाजही स्ट्रीममधूनच घेतला. तेव्हा कुठे सूर आणि ओठ जुळले. बट्टी वळता वळता बायका टीव्हीकडे बघून टाळ्या वाजवू लागल्या, हे पाहून केलेल्या खटपटीचे चीज झाले.

तिसऱ्या दिवशी पंगतीच्या जागीही पडदा हवा झाला. एकाच कॅमेऱ्यावर जोडण्या वाढवण्याऐवजी लॅपटॉपने स्ट्रीम घ्यायची आणि एचटीटीपीने (वेबपाने पाठवण्याच्या पद्धतीने) ८०८० या पोर्टवरून, म्हणजे लॅपटॉपच्या त्या क्रमांकाच्या नेटवर्क-दारातून, पुढे पाठवायची, असे ठरवले. पाठवण्याच्या बाबतीत व्हीएलसी समर्थ आहे, पण समजावून सांगण्यात कमी पडते. ट्रान्सकोडिंगची, म्हणजे चित्र दुसऱ्या प्रकारात बदलण्याची, खूण सुरूच आहे हे नजरेतून सुटले आणि जुना लॅपटॉप चित्र नव्याने गुंडाळण्यात इतका गुंतला की पंखा घरघरू लागला. चित्र एच.२६४ मध्येच असल्याने ते जसेच्या तसे पाठवणे पुरेसे होते. कॅमेऱ्याचा आवाज मात्र एमपीईजी-टीएसमध्ये (चित्र आणि आवाज एकत्र बांधून पाठवण्याच्या साच्यात) बसणाऱ्या प्रकारचा नव्हता, तेवढाच बदलावा लागला. ‘कीप ओरिजिनल व्हिडिओ ट्रॅक’ ही सोय प्रोफाइलच्या आत दडलेली असल्याने ती शोधण्यात माझी अख्खी दुपार गेली.

हेच काम एफएफएमपेग या आज्ञा लिहून चालवायच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या एका ओळीच्या आज्ञेने होते आणि जोडणी तुटल्यास ती आज्ञा पुन्हा चालवणारी छोटी स्क्रिप्टही लिहिता येते. म्हणून पुढच्या वर्षी पाठवण्याचे काम त्याच्याकडे आणि दाखवण्याचे व्हीएलसीकडे, अशी वाटणी मी करणार आहे.

एक गोष्ट जपावी. कॅमेऱ्याचे नाव आणि पासवर्ड पत्त्यातच लिहिले, तर ते अलीकडे उघडलेल्या स्ट्रीमच्या यादीत उघडे राहू शकतात. शेडमधला लॅपटॉप दहा जणांच्या हाताखालून जातो, तेव्हा काम संपताच ती यादी पुसून टाकावी.