जुन्या डिझेल गाडीतला बंब : श्टांडहाइत्सुंग बसवून सहा महिने झाले, त्याचा अनुभव

श्टांडहाइत्सुंग, म्हणजे इंजिन बंद असतानाही गाडी गरम करणारा हीटर, ऑक्टोबरमध्ये बसवला, आता एप्रिल संपत आला, म्हणजे एक अख्खा हिवाळा काढला त्याच्यावर, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. बसवायच्या आधी मराठीत कुणी काही लिहिलंय का बघत होतो तर हाताला काहीच लागलं नाही, आणि इथे जर्मनीत आपली बरीच मंडळी जुनी डिझेल वापरतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

गाडी २००७ ची स्कोडा ऑक्टाविया कॉम्बी, १.९ टीडीआय, २ लाख ३० हजार किमी झालेत. याच पिढीची सेडान आपल्याकडे लॉरा नावाने मिळायची, औरंगाबादला जुळणी व्हायची. आम्ही राहतो लाइशिंगनला, श्वेबिशे आल्बच्या पठारावर, साधारण ७५० मीटर उंचीवर. खाली उल्मला पाऊस असतो तेव्हा वर आमच्याकडे बर्फ. इथले लोक म्हणतातच की आल्बवर कायम एक कोट जास्तीची थंडी. गाडी रस्त्यावर उभी असते, गॅरेज नाही आणि जवळ विजेचा प्लगही नाही.

प्रॉब्लेम तुम्हाला माहीत असेलच. डिझेल इंजिन मुळात कमी उष्णता वाया घालवतं, मायलेज चांगलं मिळतं ते त्यामुळेच, पण आतला हीटर त्या वाया जाणाऱ्या उष्णतेवरच चालतो ना. उणे पाचला निघालं की दहा-बारा किमीपर्यंत आत गार हवाच. गाडीत कंपनीचा पीटीसी हीटर आहे, विजेवरचा, साधारण एक किलोवॅटचा, पण तो इंजिन चालू झाल्यावरच काम करतो आणि काचेवरच्या बर्फापुढे त्याचं काही चालत नाही. गोठणबिंदूच्या आसपास एसीचा कॉम्प्रेसरही बंदच राहतो, त्यामुळे आतली वाफ ओढली जात नाही, काच आतूनही धरते आणि रात्रीतून आतल्या बाजूलाही बर्फाचा पातळ थर जमतो, तो खरवडायचा म्हणजे सगळा चुरा मांडीवर.

तरी मी पाच वर्षं तसाच चालवत होतो. निर्णय झाला तो मुलीमुळे. ती साडेतीन वर्षांची आहे, आणि चाइल्ड सीटमध्ये मुलाला जाड जॅकेट घालून बसवायचं नाही हे मला इथे येऊन कळलं. पट्टा वरून घट्ट दिसतो पण जॅकेटच्या आत फुगवटा असतो, धडक बसली की तो दबतो आणि पट्टा तेवढा सैल पडतो. म्हणजे रोज सकाळी उणे आठमध्ये तिचं जॅकेट काढायचं, बर्फासारख्या सीटवर बसवायचं, पट्टा आवळायचा आणि वरून गोधडी घालायची. ती रडायची. काही दिवस मी जॅकेटसकट बसवलं आणि ते मला दिवसभर खात राहायचं. ज्यांची लहान मुलं आहेत त्यांनी बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हे एवढं लक्षात ठेवा.

इंजिन आधी चालू करून ठेवावं तर तेही नाही. विनाकारण इंजिन चालू ठेवणं इथे नियमात बसत नाही, ८० युरो दंड आहे, आणि दंड सोडा, जागेवर उभं डिझेल इंजिन तापतच नाही. तासाला अर्धा-पाऊण लिटर पितं आणि पंधरा मिनिटांनी काटा जेमतेम हललेला असतो.

आधी स्वस्तातले उपाय करून पाहिले. सिगरेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा फॅन हीटर आणला, २० युरोचा. त्या सॉकेटमधून जास्तीत जास्त १५० वॅटच्या आसपास मिळतात, एवढ्याने गाडी काय गरम होणार. कुणी घेत असाल तर खरंच घेऊ नका. नंतर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनचं तापमान राखणारी झडप, बदलला, आणि हा खर्च मात्र वसूल झाला. वयानुसार तो थोडा उघडा राहायला लागला होता, त्यामुळे इंजिन ९० वर पोचतच नव्हतं, ७५ ला रेंगाळायचं. तुमची जुनी डिझेल हायवेवर पण नीट तापत नसेल तर हजारो युरो घालायच्या आधी थर्मोस्टॅट बघून घ्या. माझं एवढ्याने भागलं नाही पण फरक पडला.

आता मुख्य वस्तू. श्टांडहाइत्सुंग म्हणजे गाडी उभी असताना, इंजिन बंद असताना चालणारा हीटर. हे यंत्र आपल्या माणसाला समजवायला अगदी सोपं आहे कारण हा सरळ सरळ बंब आहे. आजोळी सोलापूरला तांब्याचा बंब होता, मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी, तसंच. फक्त पाण्याऐवजी इंजिन थंड ठेवणारं कूलंट आणि लाकडाऐवजी टाकीतलं डिझेल. एक छोटा पंप मोजून मोजून थेंब टाकतो, टिक टिक टिक असा आवाज येतो त्याचा, एक ग्लो पिन तापते आणि पहिली ज्योत पेटवते, पंपाच्या स्टोव्हला आधी काकडा लावायचो ना तोच प्रकार, आणि एकदा पेटलं की आवाजही तसाच फरफर. दुसरा छोटा पंप ते गरम कूलंट फिरवतो, आणि गाडीचा नेहमीचा ब्लोअर गरम हवा काचेवर आणि आत सोडतो. माझ्याकडचं युनिट ५ किलोवॅटचं आहे. एक किलोवॅटच्या पीटीसीसमोर पाच म्हणजे विचार करा.

इथल्या दोन मोठ्या कंपन्या वेबास्टो आणि एबरश्पेशर, एक म्युनिकजवळची आणि दुसरी आमच्याच बाजूची, एसलिंगनची. मी त्यातल्याच एकीचं घेतलं, दोन्हींत एकोणीस-वीसचाच फरक आहे, जवळ ज्याचं काम करणारा चांगला माणूस असेल ते घ्या. मला बसवून १९५० युरो पडले, साध्या रिमोटसकट. मोबाइल ॲपवालं मॉड्यूल वेगळं मिळतं पण ते घेतलं नाही. गाडीची बाजारात किंमत जेमतेम अडीच हजार, त्यामुळे ऑफिसमध्ये दोघातिघांनी विचारलं की एवढे कशाला घालतोस. माझा हिशोब असा होता की इंजिन अजून चार वर्षं सहज जाईल आणि तेवढे चार हिवाळे मुलगी या गाडीतून जाणार आहे.

फिटिंगला दीड दिवस लागला. युनिट पुढच्या बंपरच्या मागे, फॉगलॅम्पच्या बाजूला बसवलं. पहिला आठवडा मात्र वाईट गेला. हीटर पेटायचा, पाच-सहा मिनिटांत आपोआप बंद व्हायचा, हवा कोमट, आणि डॅशबोर्डच्या मागे गुळगुळ आवाज. वर्कशॉपने कूलंट भरल्यावर हवा नीट काढली नव्हती. पाणी फिरत नसलं की युनिट जागच्या जागी तापून स्वतःला बंद करतं. परत नेली, अर्ध्या तासात हवा काढून दिली आणि तेव्हापासून एकदाही तक्रार नाही. तुमच्याकडे असा गुळगुळ आवाज आला तर लगेच परत न्या, वाट बघू नका.

त्यानंतरची पहिली खरी सकाळ मी विसरणार नाही. बाहेर उणे सात, मी चहा घेताना दुसऱ्या मजल्यावरून रिमोट दाबला, पंचवीस मिनिटांनी खाली गेलो तर शेजारच्या सगळ्या गाड्या पांढऱ्याफटक आणि आमच्या काचेवरचा बर्फ वितळून खाली सरकलेला, वायपरच्या एका फेरीत साफ. आत टी-शर्टवर बसता येईल असं नाही म्हणणार, पण जॅकेट काढून मुलीला बसवलं आणि ती काही बोललीच नाही, खिडकीतून बाहेर बघत बसली. फेब्रुवारीत एकदा डिस्प्लेवर उणे १३ होतं, त्या दिवशी पस्तीस मिनिटं लागली. इंजिनही आधीच कोमट असतं त्यामुळे स्टार्ट करताना जो खडखडाट व्हायचा तो गेला.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त त्रास दिला ती. बॅटरी.

मी उल्मला ऑफिसला जातो, तीसेक किमी, अर्धा तास ड्रायव्हिंग. पण आठवड्यातून तीन दिवस गाडी बायको घेऊन जाते, मेर्कलिंगन स्टेशनपर्यंत, तिथून ती ट्रेन पकडते. हे अंतर आठेक किमी, दहा मिनिटं. नोव्हेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी साडेसहाला ती स्टेशनच्या पार्किंगमध्ये उभी, गाडी चालूच होईना, नुसतं टक टक. मी घरी मुलीला घेऊन अडकलेलो. एका भल्या माणसाने जंप केबलने चालू करून दिली. मला फार वाईट वाटलं कारण मॅन्युअलमध्ये लिहिलेलं होतं आणि मी ते मनावर घेतलं नव्हतं: जितका वेळ हीटर चालवाल साधारण तितका वेळ गाडी चालवा.

मग एका सहकाऱ्याचा क्लॅम्प मीटर आणून मी स्वतः मोजलं. पेटताना ग्लो पिनमुळे साधारण १० अँपिअर, पण ते मिनिट-दीड मिनिटच. एकदा पेटल्यावर युनिट स्वतः जेमतेम ३ अँपिअर घेतं. खरा खाणारा आहे ब्लोअर. एकवर ठेवला तर ५, तीनवर ठेवला तर १२ च्या आसपास. आम्ही तीनवर ठेवत होतो, लवकर गरम होईल म्हणून, आणि ते चूकच होतं, कारण पाणी नीट तापायच्या आधीच फॅन कोमट हवा फेकत बसतो आणि बॅटरी खातो. एकवर ठेवून पंचवीस मिनिटं म्हणजे तीन-साडेतीन अँपिअर-अवर, तीनवर म्हणजे सहाच्या वर. सकाळ-संध्याकाळ दोन वेळा, मध्ये दहा-दहा मिनिटांचं ड्रायव्हिंग, त्यात हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर, सीट हीटर, पीटीसी सगळं चालू. आल्टरनेटरने परत भरलं काय तर काहीच नाही, आणि बॅटरी सहा वर्षं जुनी.

आता आम्ही असं करतो. नवीन ७२ अँपिअर-अवरची बॅटरी टाकली, १३० युरो. फॅन कायम एकवर. माझ्या गाडीत मॅन्युअल एसी आहे, म्हणजे रात्री गाडी बंद करतानाच तापमानाचा नॉब पूर्ण लाल बाजूला, हवेची दिशा काचेवर आणि फॅन एक असं लावून उतरायचं, विसरलात तर सकाळी इंजिन गरम आणि काच गारच. बायकोच्या दिवशी सकाळी फक्त पंधरा मिनिटं चालवायचा, तेवढ्यात काच सुटते, आणि संध्याकाळी स्टेशनवर ती एकटी असते तेव्हा चालवायचाच नाही, हे तिनेच ठरवलं. आणि दर रविवारी दिवसभर चार्जर, आमच्या हाउसमालकांनी त्यासाठी तळघरातून वायर काढू दिली. डिसेंबरपासून एकदाही बंद पडली नाही. पण तुमचं रोजचं अंतर आठ-दहा किमीच असेल आणि चार्जर लावायची सोय नसेल तर खरं सांगतो, घेऊ नका. आणि प्लगची सोय रोज असेल तर नॉर्वे-स्वीडनमध्ये असतात तसले विजेवरचे कूलंट हीटर बघा, डेफा वगैरे, त्यात हा बॅटरीचा घोळ फारच कमी.

डिझेल किती जातं हे सगळे विचारतात. पूर्ण जोरात तासाला ०.६ लिटर, पाणी तापल्यावर निम्म्यावर येतं. पंचवीस मिनिटांना पाव लिटरपेक्षा कमीच. एका वेळचे तीस-पस्तीस सेंट धरा. गाडीचा हिवाळ्यातला ॲव्हरेज आधी १०० किमीला ५.६ लिटर होता, आता हीटर धरून ५.७, कारण इंजिन गरमच निघतं.

सुरुवातीला पेटताना थोडा पांढरा धूर येतो आणि डिझेलचा वास. पहिल्या आठवड्यात समोरच्या घरातल्या आजी घाईघाईने बेल वाजवायला आल्या की तुमची गाडी पेटलीये, लवकर खाली चला. त्यांना नेऊन दाखवलं, एक्झॉस्ट कुठे आहे ते पण दाखवलं, आणि आता मी गाडी त्यांच्या खिडकीपासून लांब लावतो.

बंद जागेत, गॅरेज किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये, हा कधीही चालवायचा नाही. ज्योत आहे, कार्बन मोनॉक्साइड येतो, त्याला वास नसतो. पंपावर डिझेल भरताना बंद करायचा, टायमर लावलेला असेल तर तोही. एक्झॉस्टच्या खाली वाळका पाला असेल अशा जागी उभी करू नका. बंद केल्यावर दोन-तीन मिनिटं तो स्वतःला थंड करत चालू राहतो, तेव्हा बॅटरीची वायर काढायची नाही. आणि टाकी रिझर्व्हवर आली की माझा पेटत नाही, तळाचं डिझेल त्याच्या नळीला पोचत नाही. जानेवारीत असं झालं, मी तीनदा प्रयत्न केला आणि तो लॉक झाला, मग वर्कशॉपला फोन करून रीसेट कसं करायचं ते विचारावं लागलं. तेव्हापासून पाव टाकीच्या खाली जाऊ देत नाही.

ऑनलाइन मिळणारे शंभर-दीडशे युरोचे एअर हीटर घ्यावेत का असं दोघांनी विचारलंय. व्हॅनवाले वापरतात, पण ते आतली हवा तापवतात, इंजिन नाही, आणि विंडस्क्रीनकडे जाणारी हवाही त्यातून येत नाही. ज्यावर ई-मार्क, म्हणजे युरोपातल्या मान्यतेची खूण, नाही तो टीयूव्हीला, म्हणजे इथल्या गाडीच्या सक्तीच्या तपासणीला, चालणार नाही. आणि मूल बसतं त्या डब्याजवळून एक्झॉस्टचा पाइप हौशी माणसाने स्वतः बसवलेला, मला हे पटत नाही.

डिसेंबरमध्ये आई-बाबा आले होते. आईचे गुडघे थंडीत फार दुखतात, आधीच्या वेळी ती महिनाभर घराबाहेर पडायला तयार नव्हती. यंदा उल्मचा ख्रिसमस बाजार तिने दोनदा पाहिला. तिनेच याला बंब म्हणायला सुरुवात केली, आता मुलगी पण तेच म्हणते, सकाळी दात घासताना विचारते, बाबा, बंब लावला का.

आता उन्हाळ्यात महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालवायचा असतो, नाहीतर आतला पंप आणि ग्लो पिन पडून पडून खराब होतात. फोनमध्ये दर एक तारखेचा अलार्म लावलाय, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला बॅटरी एकदा चेक करून घेणार आहे.