वरचे एकशे सत्तर रुपये

मी गिलाव्याचा मिस्त्री. मूळ लातूर जिल्ह्यातला, औसा तालुक्याचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात आमच्या भागातली दगडमातीची घरं गेली आणि मग सिमेंटची घरं उभी राहायला लागली. तेव्हा मी शाळा बुडवून त्या कामांवर भिंतींना पाणी मारायला जायचो. थापी तिथेच हातात आली. पुण्यात येऊन आता एकवीस वर्षं झाली. त्यातली शेवटची अकरा कुणाच्या हजेरीवर नाही, स्वतः फुटावर काम घेऊन.

हे आधी सांगितलं, कारण फसलेल्या माणसाबद्दल पहिला समज असतो की नवखा असेल. मी नवखा नव्हतो.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. हातात काम नव्हतं. आतल्या कामांत हल्ली जिप्समवाले घुसलेत. त्यांना वाळू लागत नाही, पाणी मारायला लागत नाही, वेळ निम्मा. आम्ही वाळू-सिमेंटवाले उरलो बाहेरच्या भिंतींना आणि संडास-बाथरूमला. अशात एका ओळखीच्या सेंट्रिंगवाल्याने निरोप दिला: शहराच्या कडेला पार्किंगवर चार मजल्यांची इमारत आहे, सोळा फ्लॅट, आतून सगळा वाळूचा गिलावा, आधीचा मिस्त्री काम सोडून गेलाय. मी दुसऱ्याच दिवशी जाऊन उभा राहिलो.

ठेकेदाराला सगळे शेठ म्हणत, मीही म्हणालो. माणूस बोलायला गोड. चहा स्वतः ओतून दिला. "मिस्त्री, मी काम बघून पैसे देणारा माणूस आहे." फक्त मजुरी, माल त्याचा, परांची त्याची, बावीस रुपये फूट, म्हणजे चौरस फूट. छत नाही, फक्त भिंती. दर वाईट नव्हता. एक मिस्त्री आणि एक बिगारी दिवसाला साधारण शंभर फूट आतली भिंत करतात. त्यांची हजेरी साडेनऊशे आणि साडेसहाशे धरली तरी मधे काही उरतं. वीस हजार उचल त्याने तिथल्या तिथे मोजून दिली. दर शनिवारी खर्ची, म्हणजे आठवडा भागवण्यापुरते पैसे, हिशेब शेवटी. कागद काही नाही. मीही मागितला नाही. उचल हातात असताना कागद मागायला जीभ रेटत नाही.

पहिला मजला आणि दुसऱ्यावरचे दोन फ्लॅट आधीच्याने केलेले होते. उरलेले दहा फ्लॅट, जिना आणि लॉबी माझ्याकडे. दुसऱ्या मजल्यावरच्या तिसऱ्या फ्लॅटपासून आम्ही सुरुवात केली. त्याच्या हॉलमध्ये कोऱ्या ब्लॉकच्या भिंतीवर विटेच्या तुकड्याने लाल अक्षरात हिशेब लिहिलेला होता. फुटांच्या तीन ओळी, खाली बेरीज, त्याखाली "बाकी ६१४००" आणि एक मोबाईल नंबर. नंबराखाली दोन रेघा मारलेल्या.

मी शेठला विचारलं. "आधीचा मिस्त्री. उचल खाऊन पळाला. त्याचंच माझ्याकडे निघतं, आणि लिहून गेलाय बघा काय!" मी हसलो. पळालेला माणूस स्वतःचा नंबर भिंतीवर कशाला लिहील, हा साधा प्रश्न मला पडला नाही. खरं तर पडला असेल, पण मी तो पुढे सरकवला. भिंतीला पाणी मारलं आणि माझ्या माणसांचा पहिला माल त्याच अक्षरांवर बसला.

सहा आठवडे सगळं घड्याळासारखं चाललं. शनिवारी संध्याकाळी पस्तीस हजार खर्ची, न चुकता. माझ्याबरोबर तीन मिस्त्री आणि चार बिगारी, आठवड्याची हजेरी ३२,७०० व्हायची, म्हणजे खर्चीत माणसं भागत होती. खर्ची वेळेवर येते तेव्हा माणूस तिलाच कमाई समजतो. पण खर्ची म्हणजे बिल नव्हे. ती तुम्हाला कामावर धरून ठेवण्याचा दोर आहे. सातव्या आठवड्यात ती वीस हजारांवर आली. "बुकिंगचे पैसे अडकलेत मिस्त्री, चौथा मजला उरकून टाका, एकदम हिशेब करू." आता तीन मजले झालेले, चौथ्याला हात लागलेला. इथे सोडलं तर आधीच्यासारखा मीही पळालेला ठरणार. मी राहिलो. पुढचे दोन आठवडेही वीस-वीस हजार.

मी मधे दोनदा म्हणालो होतो, फ्लॅट संपेल तसं मोजून घेऊ. "रोज कुठे टेप लावत बसता, शेवटी एकदाच मोजू." आम्ही चौथ्या मजल्यावर होतो तेव्हा खालून पुट्टीवाले वर चढत होते आणि त्यांच्या मागे फरशीवाले बाथरूमना टाइल्स लावत होते. गवंड्याची भिंत उभी दिसते, फरशीवाल्याची फरशी लोक पुसून बघतात. आमचं काम मात्र दुसऱ्याच्या हाताखाली झाकलं जाण्यासाठीच असतं. पुट्टी लागली म्हणून भिंतीचे फूट कमी होत नाहीत, हे मलाही कळतं. पण ते फूट कुणाचे, हे पुसलं जातं.

काम नऊ आठवड्यांत संपलं. मोजमाप झालं फेब्रुवारीत, पुट्टीचा दुसरा हात झाल्यावर. माझ्या वहीत बावीस हजार चारशे फूट होते. शेठच्या सुपरवायझरने काढले एकोणीस हजार तीनशे. तीन हजार शंभर फूट गायब. बावीसने गुणा: ६८,२००.

ते कुठे गेले हे नीट सांगतो, कारण नेमकी हीच जागा आहे. प्रत्येक फ्लॅटला आतले पाच दरवाजे, तीन बाय सात. त्याने ते दोन्ही बाजूंनी वजा केले. मोजमापाचं सरकारी मानक आहे, आयएस १२००. त्यात अर्धा चौरस मीटरपर्यंतचं भोक वजाच करत नाहीत, अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूने करतात, आणि त्याहून मोठं असेल तर दोन्ही बाजूंनी वजा करून कडांचे फूट वेगळे धरतात. तीन बाय सातचा दरवाजा दोन चौरस मीटरच्या आत बसतो. म्हणजे एकच बाजू. साइटवरचे जुने लोक मानकाचं नाव न घेताही असंच मोजतात. इथे हजार-एक फूट गेले. दुसरं, बाथरूम आणि किचनमध्ये टाइल्सच्या मागे जो खडबडीत गिलावा असतो त्याला अर्धा दर, असं त्याने परस्पर ठरवलं. बोलणं झालं तेव्हा "भिंती बावीस" एवढंच झालं होतं. तिथे सोळाशे फूट गेले.

उरले साडेचारशे. तो एक अख्खा हॉल होता. दुसऱ्या मजल्यावरचा, ज्या भिंतीवर तो हिशेब लिहिलेला होता. शेठ म्हणाला, तो हॉल आधीच्या मिस्त्रीने केला होता, त्याचे पैसे तुम्हाला कसे देऊ?

ज्याला पैसे दिले नाहीत त्याच्या नावावर माझं काम.

पुढची वजाबाकी तर डोळ्यांसमोर झाली. १९,३०० फुटांचे ४,२४,६००. त्यातून उचल आणि खर्ची मिळून २,९०,००० गेले. एक वर्षासाठी पाच टक्के अनामत, २१,२३०. तडे गेले म्हणून दुरुस्तीचे वीस हजार. सिमेंटच्या आठ गोण्या जास्त लागल्या, ३,२००. तड्यांचं ऐका. बीम आणि ब्लॉक जिथे मिळतात तिथे जाळी लावायला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "नको, खर्च वाढतो." सात दिवस पाणी मारायला टँकर त्याने द्यायचा होता, तो एक दिवसाआड यायचा. वर वायरिंगवाल्याने वाळलेल्या गिलाव्यात मशीनने झिऱ्या, म्हणजे वायरींसाठी खाचा, मारल्या. तडे मग माझे.

राहिले ९०,१७०. त्याने नव्वद हजारांचा चेक लिहिला आणि वरचे एकशे सत्तर रुपये खिशातून काढून रोख दिले. "हिशेब चोख पाहिजे मिस्त्री." मी ते घेतले. ते घेतले याची मला आजही चेकपेक्षा जास्त लाज वाटते.

चेकवर १० फेब्रुवारी तारीख होती. "लगेच टाकू नका, खात्यात आले की मी फोन करतो." मार्चमध्ये म्हणाला मार्च एंड आहे. एप्रिलमध्ये म्हणाला दोन फ्लॅटची रजिस्ट्री होऊ द्या. फोन मात्र दर वेळी उचलायचा, त्यामुळे मला वाटलं माणूस पळत नाहीये. इकडे तिघा मिस्त्रींची आणि पोरांची हजेरी मिळून २४,३०० माझ्या अंगावर होती. घरातल्या बाईच्या बचत गटातून कर्ज काढून ती वाटली. शेवटी १४ मे रोजी वैतागून चेक बँकेत टाकला. परत आला. शेरा: मुदत संपली.

चेकचं आयुष्य त्यावरच्या तारखेपासून तीन महिने असतं. २०१२ पासून तसा नियम आहे, मला तो त्या दिवशी कळला. वकिलाने जे सांगितलं ते ऐकून तर मी खुर्चीवरच बसून राहिलो. मुदतीत टाकला असता आणि पैसे नाहीत म्हणून परत आला असता, तर बँकेचा कागद मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला पंधरा दिवस, त्यातही दिले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात कोर्टात कलम १३८ ची तक्रार. त्यात शिक्षा आहे, म्हणून लोक घाबरतात. पण चेक शिळा झाला म्हणून परत आला तर ते कलम लागतच नाही. "थांबा, मी सांगतो" या गोड बोलण्याला बरोबर तीन महिन्यांची किंमत होती, आणि ती त्याला माहीत होती.

पोलीस चौकीत सांगितलं, हा दिवाणी मामला आहे. कामगारांच्या कचेरीत सांगितलं, तुम्ही मजूर नाही, मजूर ठेकेदार आहात. अकरा वर्षं मला ज्या गोष्टीचा अभिमान होता तीच तिथे आडवी आली.

मग भाच्याने ते रील काढलं. माझा भाचा बिगारी म्हणून होता, कामावर आला की पहिलं काम मोबाईल उभा करायचा. मी त्याला त्यावरून शिव्या घातल्यात. "मामा, हे बघ." पहिल्या दिवशीचं रील, घमेलं डोक्यावर घेऊन नाचतोय, आणि मागे तो हॉल. भिंत कोरी, ब्लॉक दिसतायत, लाल अक्षरं दिसतायत. आणि नंबरही वाचता येतो.

फोन लावला. पलीकडे जालन्याकडचा माणूस, माझ्यापेक्षा वयाने मोठा. मी म्हणालो, दादा, तुमचा हिशेब भिंतीवर होता ना, त्यावर गिलावा करणारा मी. तो बराच वेळ गप्प राहिला. मग विचारलं, "तुला पण थांबून टाकायचा चेक दिला का?"

दोघांनी मिळून एकाच वकिलाकडून नोटिसा पाठवल्या. माझ्या नोटिशीत ते रील, सुपरवायझरशी झालेले मेसेज आणि तो शिळा चेक जोडला. चेक वटत नसला तरी देणं कबूल केल्याचा तो कागद आहे. केलेल्या कामाच्या पैशासाठी दिवाणी दावा तीन वर्षांत लावता येतो, हेही त्यात लिहिलं. शेठने मला दोन हप्त्यांत चाळीस हजार पाठवले, दादांना पंचवीस. बाकीसाठी दावा लावायचा तर वकिलाची फी, तारखा आणि प्रत्येक तारखेला बुडणारी हजेरी. मी अजून ठरवलेलं नाही. दादांनी सोडून दिलं.

आता मी कार्बनची वही ठेवतो. फ्लॅट संपला की त्याच संध्याकाळी सुपरवायझरला घेऊन टेप लावतो, दरवाजा कसा वजा करायचा ते वर लिहितो, त्याची सही घेतो आणि पानाचा फोटो शेठच्या मोबाईलवर टाकतो. सही नाही तर परांची पुढच्या खोलीत हलत नाही. टाइल्सवाला यायच्या आधी बाथरूम मोजून झालेलं असतं. जाळी नको म्हटलं तर "जाळी नको म्हणालात" असा मेसेज जातो. चेक दिला तर तारखेच्या दिवशी बँकेत. यामुळे दोन कामं हातची गेली. एकजण म्हणाला, "मिस्त्री आहेस का तलाठी?" जाऊ द्या.

त्याच शेठची आता रस्त्याच्या पलीकडे दुसरी इमारत उभी राहतेय. तिथल्या वॉचमनकाकांकडे मी माझा नंबर देऊन ठेवला होता. गेल्या महिन्यात एका पोराचा फोन आला, सोलापूरकडचा, चार माणसं घेऊन आलेला. मी त्याला हे सगळं सांगितलं, वहीचे फोटो पाठवतो म्हणालो. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण काका, उचल पंचवीस हजार देतोय तो. रोख."