अँटनी की चर्चिल: इंग्रजी शब्द कुणाकडून शिकावेत?

नाट्यमय भाषणातून इंग्रजी शिकायचं तर मला दोन भाषणं आठवतात: शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मधलं अँटनीचं आणि ४ जून १९४० रोजी चर्चिलनी ब्रिटिश संसदेत केलेलं.

अँटनीचे 'हॅथ' (म्हणजे हॅज), 'ऑफ्ट' (म्हणजे ऑफन) आज कुणी बोलण्यात वापरत नाही. ओळखता आले की पुरे. त्याची खरी देणगी वेगळीच. 'ऑनरेबल' (सन्माननीय) हा शब्द तो सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसबद्दल पुन्हापुन्हा उच्चारतो आणि दरवेळी त्यातला आदर गळत जाऊन शेवटी नुसता टोमणा उरतो. शब्दकोशातून हे कळत नाही.

चर्चिलचे शब्द मात्र थेट उचलावेत असे. 'वी शॅल नॉट फ्लॅग ऑर फेल' घ्या. फ्लॅग म्हणजे झेंडा, एवढंच आपल्याला ठाऊक; इथे ते क्रियापद आहे, अर्थ ढिलं पडणं, दम संपणं. 'व्हॉटएव्हर द कॉस्ट मे बी' म्हणजे वाट्टेल ती किंमत मोजावी लागली तरी. पुढे 'वी शॅल फाइट' (आम्ही लढू) ही रचना तीच, जागा तेवढ्या बदलतात: किनारे, शेतं, रस्ते, टेकड्या. इतकी आवर्तनं झाल्यावर 'शॅल' वेगळं घोकावं लागत नाही.

नवशिक्याला मी आधी चर्चिलच देईन, तेही मोठ्याने वाचायला. अँटनी नंतर, कान तयार झाल्यावर.